विंडोज सोडताना फॉन्ट आडवा आला

लोहाऱ्यात तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं टायपिंग, डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सोयाबीनचा पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामसभेची नोटीस, लग्नपत्रिकेचा मजकूर, असं सगळं इथून छापून जातं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडची दुकानं, शाळा, पतसंस्था यांच्यातली बरीच मशीनं चौथ्या-पाचव्या पिढीची, शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेली, सेकंडहँड घेतलेली. माझीही तशीच. धडधाकट चालणारी मशीनं भंगारात घालायला जीव धजेना, म्हणून त्यांच्यात एसएसडी बसवल्या आणि दुकान लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर नेलं. आता उमरग्याचे, जेवळीचे, सास्तूरचे ओळखीचे दुकानदार येऊन विचारतात, "दादा, जमतंय का?" त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं लिहितो.

१. ब्राउझरमधलं काम आधी वेगळं काढा

बदल करायच्या आधी प्रत्येक मशीनजवळ एक वही ठेवली आणि ऑपरेटरना सांगितलं, जे काम कराल ते कशात उघडलं तेवढं लिहा. वहीत पानोपानी एकच शब्द आला, क्रोम. महाडीबीटी क्रोममध्ये, आपले सरकार क्रोममध्ये, डिजिटल सहीचा सातबारा क्रोममध्ये, पीक विमा क्रोममध्ये, नवोदयचा अर्ज क्रोममध्ये. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही लिनक्सवर मिळतात आणि खात्यात लॉगिन केलं की बुकमार्कसुद्धा जसेच्या तसे येतात. म्हणजे आपण ज्याला विंडोजवरचं काम म्हणतो, त्यातलं पुष्कळसं विंडोजचं नसतंच.

खाली उरलं ते मराठी टायपिंग, फोटो, स्कॅन, छपाई आणि बोटाचा ठसा. सगळी मेहनत या पाचांवर गेली. ज्यांच्या दुकानात टॅली चालतं त्यांच्या वहीत सहावं नाव येईल, आणि टॅली विंडोजवरच चालतं. त्यांनी ती वही समोर ठेवूनच पुढचं ठरवावं.

२. मराठी दुकानाला बांधून ठेवतो तो जुना फॉन्ट

हे मला सगळ्यात मोठं कळलं, म्हणून इथं जरा थांबतो.

आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या डीटीपी दुकानात बघा, फायली कृतिदेवमध्ये, श्रीलिपीमध्ये, डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये नाही तर शिवाजीमध्ये असतात. हे फॉन्ट आले तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, आपल्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि त्या काळात मराठी छपाई याच फॉन्टांनी तगवली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण त्यांची रीत अशी की फाइलीत साठवली जातात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं तर फाइलीत पडतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट हजर असेपर्यंत 'मराठी' दिसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा. त्यातही प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, त्यामुळे कृतिदेवचा मजकूर श्रीलिपीत नेला तरी तो वाचता येत नाही.

कृतिदेवची टीटीएफ फाइल लिनक्समध्ये टाकली तर तिथंही मजकूर नीट उमटतो, टाइपही करता येतं. म्हणून पहिल्या दिवशी सगळं सुरळीत वाटतं आणि जुन्याच वाटेनं चालत राहावंसं वाटतं. माझं म्हणणं, तिथंच थांबू नका. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. दुकानात साचलेले अर्जांचे नमुने, करारनामे, संस्थांचे लेटरहेड, सगळीकडे जुनं नाव. युनिकोडमधल्या फायली एका शोधात सापडल्या आणि नाव बदलून झालं. जुन्या फॉन्टातल्या फायलींत मात्र 'उस्मानाबाद' हा शब्द संगणकाच्या लेखी नव्हताच, तिथं होती इंग्रजी अक्षरं. त्या एकेक उघडून, डोळ्यांनी वाचून दुरुस्त कराव्या लागल्या. स्वतःच्याच फायलीत स्वतःच्या जिल्ह्याचं नाव शोधता येत नसेल, तर ती फाइल आपल्या मालकीची कशी म्हणायची? लिनक्स बाजूला ठेवा, विंडोजवरच राहणार असाल तरीही युनिकोडवर या. सरकारी पोर्टलांना तेच लागतं, मोबाइलवर तेच वाचता येतं.

रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. 'धर्म'मधला रफार जुन्या पद्धतीत म नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी. रूपांतराला या उलट्यापालट्या कराव्या लागतात, आणि जोडाक्षरावर वेलांटी आली, रफारासोबत अनुस्वार आला की ते घसरतं. बरीच साधनं हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेली असल्यामुळे 'शेतकऱ्यांना'मधला ऱ्य हमखास मोडतो. कधी 'शेतकर्यांना' होतं, कधी मधे भलतंच चिन्ह येतं. आमच्याकडे अर्ज शेतकऱ्यांचेच, म्हणजे पानापानावर हीच चूक. म्हणून रूपांतर झालेल्या फाइलीत आधी ऱ्य, ऱ्ह, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बघायची, आणि नावं मूळ छापील कागदाशी ताडून बघायची. नावातली वेलांटी चुकली तर पुढे आधारशी जुळत नाही आणि माणसाला हेलपाटे पडतात.

मूळ फाइल कधीही पुसू नका. बाजूला 'जुने' नावाचं फोल्डर करून ठेवा. आणि सगळंच रूपांतरित करत बसू नका. चालू असलेले नमुने आधी करा, बाकीचे गिऱ्हाईक मागेल तसे.

३. मंगल गेला की पान हलतं

वर्डमधल्या युनिकोड फायली बहुधा मंगल फॉन्टात असतात. तो विंडोजबरोबर येतो, लिनक्समध्ये नसतो. वर्डच्या जागी आलेलं लिबरऑफिस मंगलऐवजी लोहित किंवा नोटो हे फॉन्ट लावतं. अक्षरं वाचता येतात, पण रुंदी बदलते आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी टाकतो. साध्या कागदावर याने बिघडत नाही. मुद्रांकावर बिघडतं. ऑक्टोबर २०२४ पासून पुष्कळ दस्तांना शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू लागला. मजकूर छापील चित्रावर चढला, तर वाया जातात ते गिऱ्हाइकाचे पाचशे रुपये.

त्यावर उपाय म्हणून मुद्रांकाच्या मापाचा नमुना लिबरऑफिसमध्ये नव्याने बांधला, वरचा समास मोजून. आधी साध्या कागदावर छापायचं, तो कागद मुद्रांकावर ठेवायचा, दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात धरायचे. पहिली ओळ चित्राच्या खाली आणि शेवटची ओळ सहीच्या जागेच्या वर दिसली, तरच मुद्रांक प्रिंटरमध्ये घालायचा. आता दुकानात हा नियमच आहे.

आणखी एक गोष्ट एका निवृत्त गुरुजींनी दाखवली. छापलेला अर्ज हातात घेऊन ते म्हणाले, "अरे, हा ल हिंदीचा आहे. श पण." खरंच होतं. लोहितसारख्या फॉन्टात ल आणि श यांची मराठी वळणंही असतात, पण मजकुराची भाषा मराठी लावल्यावरच ती बाहेर येतात. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून तिथं मराठी निवडायचं. ते केलं आणि गुरुजींना पुन्हा छापून दिलं. समाधानाने घेऊन गेले. मराठीचा ल मराठीसारखा दिसावा ही अपेक्षा मुळीच जास्त नाही, आणि फुकटच्या फॉन्टात ती पुरी होते हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

४. बोटांची सवय मोडू नका, पण नव्या पोरांना इनस्क्रिप्ट शिकवा

टायपिंगची परीक्षा देऊन आलेल्यांची बोटं रेमिंग्टन या टायपरायटरच्या मांडणीवर बसलेली असतात. त्यांना लिनक्सवर आयबस आणि एम-सतरा-एन यांच्या मदतीने रेमिंग्टन वळणाचा लेआउट बसवून देता येतो. काही चिन्हांच्या जागा हलतात, पण हात बसतो. मोबाइलच्या सवयीने इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी ध्वनीवर चालणारा लेआउट आहे. परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांना मात्र परीक्षेत जे सॉफ्टवेअर असेल तेच द्यावं, त्यांच्यावर प्रयोग करू नये.

नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्टच शिकवतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय भाषांना एकच मांडणी. आमचा भाग सीमेला लागून आहे. आळंद, बसवकल्याणकडे पाहुणेरावळे, लग्नसंबंध. पत्रिकेवर दोन ओळी कन्नडमध्ये हव्यात असं म्हणणारे लोक येतात. इनस्क्रिप्टमध्ये मराठी क ज्या कळीवर, कन्नड क त्याच कळीवर. कन्नड वाचता येणारा पण टाइप न येणारा मुलगा थोड्याच वेळात त्या दोन ओळी लिहून देतो. कीबोर्ड बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस असा जोड ठेवला, म्हणजे जुनी सवय तिथंही चालते.

५. सिस्टीम टाकायच्या आधी प्रिंटर चालवून बघा

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काही न टाकता, नुसतं चालवून बघता येतं. त्याला लाइव्ह म्हणतात. बहुतेक लोक त्यात रंगीत डेस्कटॉप बघतात आणि खूश होतात. तसं करू नका. त्याच वेळी प्रिंटर जोडा, एक पान छापा, एक पान स्कॅन करा, वायफाय बघा, आवाज बघा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना लागणारं सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीच असतं. नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवाय चालणारे नवे प्रिंटर बहुतेक वेळा आपोआप दिसतात. अडचण होते ती जुन्या, स्वस्त लेसर प्रिंटरांची. त्यांचं अर्धं काम कंपनीचा विंडोज ड्रायव्हर करत असतो, आणि तसा ड्रायव्हर लिनक्ससाठी नसेल तर प्रिंटर नुसता शांत बसतो. माझ्याकडे असा एक होता. त्याच्याशी झुंजत बसलो नाही, विंडोजच्या मशीनला जोडला आणि नेटवर्कवरून वाटून घेतला.

फोटोचं काम सोपं झालं. अर्जांना फोटो ५० केबीच्या आत हवा, सही २० केबीच्या आत हवी, अशी अट असते. पूर्वी एकेक फोटो उघडून, क्वालिटी कमी करून, पुन्हा माप बघायचो. इमेजमॅजिक नावाचं साधन हे एका ओळीच्या आज्ञेत करतं. फोल्डरभर फोटो द्यायचे, कमाल माप सांगायचं, सगळे त्या मापात येतात. ती आज्ञा एका आयकॉनमागे बसवून दिली. शिष्यवृत्तीच्या दिवसांत शाळेचा अख्खा वर्ग फोटो घेऊन येतो, तेव्हा हा आयकॉन किती वेळ वाचवतो ते दुकानदारालाच कळेल. पासपोर्ट फोटोंची जुळणी गिंपमध्ये होते. फोटोशॉपवर हात बसलेल्याला सुरुवातीला गिंप जड जातं हे खरं आहे.

६. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह

दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लावायचे म्हणजे दिवसभर व्हायरस घ्यायचे. आमच्याकडे जास्त फिरतो तो शॉर्टकटवाला. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी तसेच दिसणारे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकट दाबला की व्हायरस चालतो. लिनक्समध्ये तो शॉर्टकट चालत नाही. आणि पेनड्राइव्हवरची ती लपवण्याची खूण लिनक्स जुमानत नसल्यामुळे खऱ्या फायली सरळ समोर दिसतात, कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये एकत्र टाकलेल्या.

ग्रामपंचायतीचे एक कर्मचारी घाबरेघुबरे होऊन आले होते, सगळ्या नोंदी गेल्या म्हणून. पेनड्राइव्ह लावला, रिकाम्या नावाचं फोल्डर उघडलं, सगळं तिथंच. ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून दिलं, पहिला फॉरमॅट केला. लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं मी कुणाला सांगत नाही. अपडेट करावेच लागतात, पासवर्ड नीट ठेवावेच लागतात. पण रोजच्या या उपद्रवातून दुकान सुटलं.

७. दोन्ही सिस्टीम एका मशीनवर ठेवणार असाल तर

दोन गोष्टी आधीच करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाही तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स ग्रीनिचची मानतं, म्हणून आलटूनपालटून चालवलं की बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. डिजिटल सही करणाऱ्याच्या सहीवर चुकीची वेळ उमटू शकते. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ मानायला सांगता येतं.

८. एक मशीन विंडोजचं राहू द्या

सगळंच बदललं पाहिजे असा हट्ट धरू नये. माझ्याकडच्या ठसा घेण्याच्या यंत्राला लागणारं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडवर चालतं. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येतात. पिकात राबलेल्या आणि वयाने झिजलेल्या बोटांचा ठसा तसाही लवकर उमटत नाही. तिथं त्या म्हाताऱ्या माणसांना माझ्या आवडीपायी ताटकळत ठेवणं मला पटणार नाही. म्हणून एक मशीन विंडोजचं. त्यावर ठसा, जुना लेसर प्रिंटर आणि कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली, एवढंच. त्यावर गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही.

फ्लेक्स आणि पत्रिकेचं काम हळूहळू इंकस्केप या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरवर आणलं. छपाईवाल्याला कोरलची फाइल हवी असते, पण अक्षरांचे आकार करून पीडीएफ दिली तरी त्याचं काम होतं, आणि फॉन्ट नाही म्हणून अक्षरं फुटली, ही तक्रारही मिटते. कोरलच्या जुन्या फायली इंकस्केपमध्ये काही उघडतात, काही विस्कटतात. ज्याचा धंदाच डिझाइनचा आहे त्याने याच कारणासाठी विंडोज ठेवलं तर मी त्याला बोल लावणार नाही.

९. ऑपरेटरला काय अडतं ते विचारा

माझ्याकडची ऑपरेटर मुलगी एमएस-सीआयटी झालेली, हात चलाख. मला वाटलं होतं तिला लिबरऑफिस अडेल. तिने पहिल्या दिवशी विचारलं ते वेगळंच. "दादा, डी ड्राइव्ह कुठं गेला?" तिचं सगळं जग डी ड्राइव्हमध्ये होतं. लिनक्समध्ये सी आणि डी अशी अक्षरं नसतात, प्रत्येकाचं एक होम फोल्डर असतं. मग होममध्येच तिच्या जुन्या क्रमाने फोल्डर करून दिले, सातबारा, विमा, दाखले, फोटो, नमुने, आणि त्यांची वाट डेस्कटॉपवर ठेवली. त्यानंतर तिने डी ड्राइव्हची आठवण काढली नाही.

लिनक्स लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करतं, म्हणून 'पाटील'च्या दोन फायली तयार व्हायच्या, एक मोठ्या पीची, एक लहान पीची. आता फायलींना मराठीतच नावं देतो, गाव आधी आणि आडनाव नंतर. मराठीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे तो घोळही संपला.

मेन्यू मात्र इंग्रजीच ठेवला. मिंटमध्ये मराठी मेन्यू निवडता येतो, पण भाषांतर अर्धवट आहे, एक ओळ मराठी आणि पुढची इंग्रजी, त्याने नवशिका गोंधळतो. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचं काम ऑपरेटरवर कधीच सोडू नये. ते मालकाने करावं आणि आयकॉन बनवून द्यावा. गिऱ्हाइकांचं विचाराल तर माकणीचे एक आबा नवा पडदा बघून म्हणाले, "लेकरा, माझा सातबारा निघतो का नाही, तेवढं सांग." निघाला.

१०. हे फुकट आहे, पण कुणीतरी राबून केलेलं आहे

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. उबंटू २००४ मध्ये आलं, त्याच्यावर उभं राहिलेलं मिंट २००६ मध्ये. ही नावं सगळीकडे वाचायला मिळतात. मला जवळची वाटतात ती आपल्याकडची माणसं. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले आणि पुढे पुण्यातल्या मंडळींनी ते सांभाळले. संदीप शेडमाके यांनी ग्नोम आणि फेडोराचं मराठीकरण वर्षानुवर्षं केलं. शंतनू ओक यांनी मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी शब्दसंग्रह तयार केला. मी लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहितो आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते, ती अशा माणसांमुळे. सी-डॅकने बॉस लिनक्स काढलं. केरळने सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि मल्याळममधून मुलांना शिकवलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून धूळ खात पडलेली जुनी मशीनं बघितली की केरळची आठवण येते आणि वाईट वाटतं. ती मशीनं मिंटवर उद्या सुरू होतील.

आमच्याकडे असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला की बिल हार्डवेअरचं मिळतं, आणि विंडोज, ऑफिस, फोटोशॉप परवान्याशिवाय असंच टाकून मिळतं. ते चालू ठेवायला कुठला तरी ॲक्टिव्हेटर, आणि त्याच्या पोटात काय असतं देव जाणे. त्याच मशीनवर लोकांचे आधार, बँक पासबुकं, ओटीपी. लोक विश्वासाने कागद हातात देतात. त्या विश्वासाला शोभेल अशी सिस्टीम दुकानात असावी असं मला मनापासून वाटतं.

११. बॅकअपच्या दोन जागा

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवशीच्या स्थितीला आणता येते. पण टाइमशिफ्ट मूळ मांडणीत फक्त सिस्टीम जपतं, आपल्या फायली नाही. त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते. रात्री दुकान बंद करताना ती बाहेरच्या डिस्कवर उतरते आणि डिस्क घरी जाते.

डिस्क घरी का, असं विचारणाऱ्याला मी सास्तूर सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंपात आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. माणसं गेली, त्यापुढे कागदाची काय कथा. पण जे वाचले त्यांना पुढे मदतीसाठी, घरासाठी, वारसासाठी कागदच लागत राहिले. या भागातल्या कागद सांभाळणाऱ्या माणसाने एकाच छपराखाली सगळं ठेवू नये. डिस्कला पासवर्ड लावून ती कुलूपबंद करायची सोय मिंटमध्येच आहे, ती वापरावी, कारण त्यात लोकांची कागदपत्रं असतात.

१२. हंगाम बघून बदला

जूनमध्ये प्रवेशाचे दाखले, जुलैत पीक विमा. त्या दिवसांत दुकानातली खुर्चीसुद्धा हलवू नये. नोव्हेंबरात हयातीचे दाखले आणि शिष्यवृत्त्या. आमच्याकडे मोकळीक मिळते ती जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. तेव्हा एक मशीन बदला, ज्याच्यावर नुसतं ब्राउझरचं काम आहे ते आधी. ते ऑपरेटरच्या हातात बसलं की टायपिंगचं मशीन घ्या. फॉन्टचं रूपांतर मात्र आजपासून, विंडोजवर असतानाच सुरू करा. रोज संध्याकाळी दोन-चार नमुने. माझं अजून चालू आहे, सहकारी संस्थांच्या जुन्या अहवालांचं एक मोठं फोल्डर श्रीलिपीत पडून आहे आणि यंदाच्या उन्हाळ्यात ते काढायचं ठरवलंय. कुणाकडे श्रीलिपीतला ऱ्य नीट वळवणारं साधन असेल तर दुकानावर या, बसून दोघं मिळून करू.